मात्तियासला दुभाषा हवा होता

माझं नाव त्याच्या छातीवर होतं!

अगदी ठसठशीत, निळ्या अक्षरांत — पर्णिका देवधर. आणि तो उंच, सावळा, विस्कटलेल्या केसांचा तरुण ते मिरवत खुशाल लिंबूपाणी पीत होता. मला मिळालेल्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, मात्तियास.

“माझं नाव परत द्याल का?” मी इंग्रजीत विचारलं.

तो दचकला. छातीकडे बघितलं, मग माझ्याकडे… आणि ओशाळून हसला. “सायराने स्वतःच टोचलं. मला वाटलं, असेल हे माझं भारतातलं नाव. तिने शोधून काढलं असेल.”

“ते मुलीचं नाव आहे.”

“तरी गोड आहे,” तो म्हणाला. “द्यायलाच हवं का?”

सायरा बिचारी दुबईतली समुपदेशक. परक्या वंशाच्या घरी दत्तक वाढलेल्या मोठ्या माणसांच्या मनावर फुंकर घालायला तिने राष्ट्रीय दिनाच्या गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीत हत्ताच्या डोंगरात हे शिबिर भरवलं होतं. चेहऱ्यापलीकडचा माणूस बघा, असं शिकवणार होती. आणि पहिल्याच मिनिटाला तिने चेहरे बघून बिल्ले वाटले! भारतीय दिसणाऱ्याला भारतीय नाव, उरलेलं मला.

तिलाच कशाला दोष द्यायचा? माझा जन्म आदिस अबाबाचा. बाबा तिथे गणित शिकवायला गेले होते, तिथेच त्यांनी आणि आईने मला दत्तक घेतलं. पुढे शारजात, अल मजाजला वाढले. आरशात इथिओपियन, तोंड उघडलं की साताऱ्याची. लिफ्टमध्ये बायका हिंदीत विचारतात, कुणाकडे कामाला आहेस? गेल्या वर्षी दुबईतल्या अल मनखूलच्या एक बाई फोनवर माझ्या बोलण्यावर बेहद्द खूश झाल्या. मुलासाठी बघायला आल्या, मला पाहिलं आणि चहा अर्धा टाकून उठल्या. तेव्हापासून मी कानाला खडा लावला होता. आपण होऊन कुठे जीव लावायचा नाही.

दुपारी सगळे गोल करून डोळे मिटून बसले. “शांत व्हा,” सायरा म्हणाली. मला कुठली शांती! बाहेर वारा पत्र्यावर वाळू आपटत होता आणि माझा पाय एकसारखा हलत होता. आई शेजारी असती तर गुडघ्यावर चापट बसली असती. मी हळूच एक डोळा उघडला. समोर मात्तियासचाही पाय हलत होता. आणि त्याचाही एक डोळा उघडा होता!

“पळायचं?” त्याने ओठांनीच विचारलं.

आम्ही पळालो ते थेट जेवणघरात. तिथला आचारी विष्णू रत्नागिरीचा. मात्तियासला बघून त्याचा चेहरा खुलला. “या साहेब! मराठी ना? नाक बघूनच ओळखलं. आमटी वाढू का गरम?”

मात्तियासने माझ्याकडे असहायपणे बघितलं.

“वाढा दादा,” मी म्हणाले. “आणि मिरची असेल तर मलाही द्या.”

विष्णूच्या हातातला डाव तसाच राहिला. “अरे देवा… ताई, तुम्ही?”

“मीच. साहेब स्वीडनचे आहेत.”

मात्तियास पोट धरून हसला. आमटीचा पहिला भुरका घेतल्यावर मात्र त्याने वाटी खाली ठेवली. दोन वर्षांचा असताना त्याला पुण्याच्या एका अनाथाश्रमातून दत्तक नेलं होतं. “ही चव मला आठवायला हवी होती ना?” त्याने विचारलं. “नाही आठवत.” मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. नाही ठेवला.

मग ते दोन दिवस आम्ही दोघं कुठेच धड बसलो नाही. वाडीच्या, म्हणजे इथल्या पावसापुरत्या नदीच्या, कोरड्या पात्रात भटकलो, गोटे उचलले, टाकले. तो चालताना माझ्याकडे बघायचा आणि ठेचकाळायचा. “समोर बघ,” मी म्हणायची. “समोर डोंगर आहे, तो पळून जात नाही,” तो म्हणायचा. मी लाजत होते आणि माझा मलाच राग येत होता.

शुक्रवारी संध्याकाळी निघायच्या वेळी पाऊस आला. इथे पाऊस म्हणजे सणच! सायरासकट सगळे अंगणात धावले. मात्तियास माझ्यापाशी आला, पापण्यांवर थेंब घेऊन.

“मी रविवारी पुण्याला जातोय. आश्रमात. आईबद्दल काही कळतंय का बघायला. पर्णिका… तू येशील? मला तिथे एक शब्द कळणार नाही.”

म्हणजे माझी जीभ हवी होती! अल मनखूलच्या त्या बाईंना हवी होती तशीच.

“माझा मामेभाऊ आहे तिथे, सुजीत,” मी कोरडेपणाने म्हणाले. “फर्डं इंग्रजी बोलतो. येईल तुझ्याबरोबर. नंबर घे.”

नको म्हण, मी मनात म्हणत होते. नको म्हण ना!

त्याने मुकाट्याने मोबाईल काढला. मी नंबर सांगितला आणि शहाण्याने तिथल्या तिथे फोन लावला. माझं नाव सांगितलं, आश्रमाचं सांगितलं, दोनदा थँक्यू म्हणाला. मी ओठ चावत उभी होते. पावसाचा फायदा एवढाच, की गालांवरचं पाणी कुणाला ओळखू येत नाही.

“यल्ला, चला, बस आली!” सायरा ओरडली.

मी वळले, तर याने वाट अडवलेली.

“येतोय सुजीत,” तो म्हणाला. “दुभाषा मिळाला, खलास. आता तू येशील?”

“आता कशाला?”

“बोलायला नको. गप्पच राहा हवं तर.” तो म्हणाला. “तिथे आई सापडली किंवा नाही सापडली… दोन्ही वेळेला शेजारी तू हवीस. बाकी कुणी चालणार नाही. मी प्रेमात पडलोय गं, तुला दिसत कसं नाही?”

मला दिसत होतं. विश्वास ठेवायचं धाडस नव्हतं, एवढंच.

“आमच्याकडे मुलीला असं कुणाबरोबर पाठवत नाहीत,” मी रडत-हसत म्हणाले. “आधी घरी यावं लागेल, अल मजाजला. आईबाबांसमोर बसावं लागेल.”

“आणि त्यांनी मला नापसंत केलं तर?”

“तर मी त्यांच्याशी भांडेन. मराठीत!” मी त्याचा ओला हात धरला आणि सगळ्यांच्या देखत त्याला बसमध्ये माझ्या शेजारी बसवलं.