आवाज थांबला की भाकरी

वडगाव रासाईला नदीकडं जाणाऱ्या वाटेवर, उसाच्या फडाला लागून भिमाचं घर. घरामागं पत्र्याची पडवी आणि पडवीत त्याच्या आईची चूल. घरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली होती, सून सविता सगळा स्वयंपाक गॅसवरच करायची; पण अनसाबाईनं रात्रीची भाकरी काही गॅसवर भाजू दिली नाही. "गॅसवरची भाकरी कागदावानी लागती," म्हणायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

भिमा कारेगावला एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. मोटारी, पॅनेल, वायरिंग, हेच त्याचं काम. धाकटा भाऊ पप्पू दौंडच्या एका गॅरेजात फवारणीचे पंप आणि गवत कापायची मशिनं दुरुस्त करायचा. आज्यानं मेंढरं राखली, बापानं ती विकून ऊस लावला, आणि या दोघांनी पाना-पक्कड धरली. त्यातला पप्पू जरा निराळाच. पुण्याला कुठल्याशा मैदानावर रिमोटची विमानं उडवणारी माणसं त्यानं पाहिली आणि त्याच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच. गवत कापायच्या मशिनीचं पेट्रोल इंजिन काढून घेतलं, हलक्या लाकडाचा सांगाडा केला, आणि पंख तर एवढे लांब की पडवीच्या दारातून तिरके केल्याशिवाय निघत नसत. बिरोबाच्या जत्रेत त्या विमानाच्या पोटातून देवळाच्या शिखरावर भंडारा पडायचा. गावानं पप्पूला डोक्यावर घेतलं होतं.

रोज सांजेला कामावरून आला की तो नदीकाठच्या मळईत, गाळाच्या मोकळ्या रानात, विमान उडवायचा. आईला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. तिनं कधी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पण त्या इंजिनाचा कर्कश आवाज तिच्या कामाचा होता. आवाज चालू आहे तोवर पोरगं मळईत. आवाज थांबला की तिनं तव्यावर भाकरी टाकायची. पप्पू विमान खांद्यावर घेऊन येईस्तोवर ती फुगलेली असायची. तो पेट्रोलच्याच हातानं भाकरी मोडायचा आणि ती रोज करवादायची, "आरं, हात तरी धू." भाकरीवर काळा अंगठा उठलेला असायचा. विमानाच्या पंख्यानं एकदा त्याच्या अंगठ्याचा लचका काढला होता, त्यामुळं त्या ठशात मधोमध तिरकी रेघ दिसे.

दिवाळीच्या आधी एका सांजेला इंजिन हवेतच बंद पडलं. विमान नदीपल्याड वाळूवर जाऊन बसलं, अंगावर एक ओरखडा नाही. पप्पू ते आणायला पाण्यात उतरला. बंधाऱ्याचं साठलेलं पाणी, वर जलपर्णीची गच्च चादर. दुसऱ्या दिवशी सापडला. आवाज थांबला म्हणून आईनं त्या सांजेलाही भाकरी टाकली होती. ती तव्यावरच जळून कोळसा झाली.

भिमानं विमान आणून पडवीच्या आढ्याला टांगलं. टाकवत नव्हतं आणि बघवतही नव्हतं.

पुढच्या दिवाळीला वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर अनसाबाई म्हणायला लागली, की आवाज येतोय. दिवस कलला की ती चुलीपुढं बसायची, पिठाची परात समोर आणि तवा भिंतीला टेकवलेला.

"आय, जेव की," भिमा म्हणायचा.

"आवाज चालू हाय अजून. थांबला की टाकते भाकरी."

भिमा कान देऊन ऐकायचा. पलीकडच्या मळ्यातला पाण्याचा पंप, रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर, कुत्री. दुसरं काही नाही. आई तशीच बसून राहायची आणि बसल्या जागी डोळा लागला की सविता तिला उचलून आत न्यायची. सकाळी आई चहात बुडवून काहीतरी खायची, तेवढ्यावर दिवस. तिच्या हाडांची काडं झाली. शिरूरच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मनाला लावून घेतलंय म्हणून सांगितलं. भाऊ गेला होता, आता आई डोळ्यांदेखत चालली होती, आणि ती चार घास खाईल एवढ्याचसाठी काय वाटेल ते करायला तो तयार होता.

त्यानं मशिनीवर काम करणाऱ्या माणसासारखा विचार केला. आवाज कशाचा, तर इंजिनाचा. इंजिन आढ्याला लटकतंय म्हणून तिच्या डोक्यात आहे. ते काढायचं, तिच्यासमोर काढायचं, आणि विमान बॅटरीवर उडवून दाखवायचं. बिनआवाजाचं विमान डोळ्यांनी पाहिलं की भ्रम जाईल. त्या सुमारास पुण्यात लिथियमच्या बॅटऱ्या आणि त्यावर चालणाऱ्या ताकदवान छोट्या मोटारी मिळायला लागल्या होत्या. कंपनीतल्या एका साहेबाच्या ओळखीनं त्यानं दोन्ही मागवलं.

रविवारी पडवीत पोतं अंथरून तो विमान खोलायला बसला. वर्षभर लटकलेलं इंजिन जाम झालेलं असणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. पंख्याला बोट लावलं तर ते लोण्यासारखं फिरलं. प्लग काढला, तर पेट्रोलनं ओला. सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं, ते काळं तेलकट होऊन निघालं.

"सविता, याला कुणी हात लावला व्हता का?"

"मी कशाला लावू?" ती उंबऱ्यातच थांबली. "आन् मला इचाराल तर तुम्ही बी लावू नका."

"आगं, टाकी बंद असली की तेल वाळत न्हाई."

हे त्यानं तिला सांगितलं, आणि जरा मोठ्यानंच सांगितलं. मग पंख्यासकट इंजिन आणि टाकी गोणीत बांधून कोपऱ्यात सारली. नाकाशी प्लायवूडची नवी बैठक ठोकली, तिच्यावर मोटार आणि नवा पंखा बसवला. टाकीच्या जागी बॅटऱ्या आल्या. वजन बदललं होतं, म्हणून पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोलायचं, बॅटरी पुढं सारायची, परत तोलायचं, असं बराच वेळ चाललं. आई चुलीपाशी बसून बघत होती.

"आत काय घालतुयास?"

"बॅटरी. आता पेट्रोल न्हाई लागायचं. आवाजच न्हाई येणार, आय."

तिनं एक काटकी चुलीत सारली.

"मंग त्यो वर हाय का खाली, ते कसं कळायचं?"

भिमानं आवळलेलाच स्क्रू पुन्हा आवळला.

सांजेला त्यानं आईला मळईच्या बांधावर नेऊन बसवलं. पप्पूनं त्याला उडवायला शिकवलं होतं. विमान धावलं आणि उचललं गेलं. नुसती पंख्याची सळसळ, तीही वर गेल्यावर ऐकू येईना. भंडाऱ्यानं पिवळं पडलेलं त्याचं पोट उन्हात चमकत होतं. आईनं आयुष्यात पहिल्यांदा विमानाकडं मान वर केली. कानामागं हात धरून ती ऐकत राहिली, आणि मग हात खाली घेतला.

"थांबला," ती म्हणाली.

पदर खोचला, उठली आणि घराकडं चालायला लागली. वर्षभरात ती एवढी भराभरा चालली नव्हती.

भिमा विमान घेऊन परतला तेव्हा तव्यावर भाकरी फुगली होती. आईनं दोन ताटं मांडली होती. भिमाला इतकं बरं वाटलं, की दुसरं ताट कुणाचं हे त्यानं विचारलं नाही. हातपाय धुऊन तो आत सवितापाशी जेवायला गेला. नंतर पडवीत डोकावला तर दोन्ही ताटं रिकामी होती.

"जेवली," तो हरखून सविताला म्हणाला. "दोन ताटं जेवली."

सविता ताटं घासायला घेऊन आली होती. तिनं एका ताटातला भाकरीचा तुकडा त्याच्यासमोर धरला. कडेला काळा, तेलकट अंगठा उठला होता.

"माझाच असंल," भिमा म्हणाला. "इंजिनाला हात लावलेला."

त्यानं आपला अंगठा त्याच्याशेजारी धरून पाहिला. ठशात मधोमध तिरकी रेघ होती. भिमानं तो तुकडा कुत्र्याला टाकला. कुत्रं वास घेऊन मागं सरलं.

त्यानंतर रोज भाकरी होऊ लागली, दिवसागणिक जास्त. पिठाचा डबा बघता बघता तळाला जायचा आणि सविता आठवड्यातून दोनदा गिरणीला जाऊ लागली. पडवीत पेट्रोलचा वास यायचा, आणि त्यात ओल्या जलपर्णीचा. आई मात्र आणखीनच वाळत चालली होती. एका सांजेला सविता मुद्दाम तिच्याशेजारी बसून राहिली, आणि मग पांढरीफटक होऊन घरात आली.

"आत्याबाईंनी घास बी न्हाई घेतला. मी तिथंच व्हते. जरा चुलीकडं बघितलं, तवर ताट रिकामं."

"तुला भास..."

"मला भास न्हाई. मी दौंडला भावाकडं चालले. तुम्ही आत्याबाईंना घेऊन या मागनं."

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. भिमानं आईपुढं विषय काढला. आई चुलीतली लाकडं मागं ओढत होती.

"मी कुठं येऊ? त्याला कोण वाढंल?"

"आय, पप्पू गेला. तू डोळ्यांनी बघितलंस."

"मला ठावं न्हाई व्हय?" ती शांतपणे म्हणाली. "गेला त्ये ठावं हाय. पर आवाज व्हता तवर त्यो वर व्हता. वर भूक लागत न्हाई. मी बसायचे उपाशी, पर त्याला वर ठिवला व्हता म्या. तू खाली आणलास."

भिमानं कोपऱ्यातल्या गोणीकडं पाहिलं.

"आन् आता त्याचं पोटच भरंना, भिमा. मला घासभर बी उरत न्हाई."

त्या दिवशी भिमा कामाला गेला नाही. दुपारभर त्यानं पडवीत जुन्या दाराची फळी दोन खांबांना घट्ट बांधली आणि गोणीतलं इंजिन तिच्यावर आवळून बसवलं. शेजारी टाकी अडकवली. घरात कॅनभर पेट्रोल होतं, तेवढं पुरायचं नाही म्हणून मोटारसायकलीचंही काढून घेतलं. काय करतोय हे कारखान्यातल्या कुणाला त्यानं सांगितलं नसतं. पण दिवस कलायला लागला होता आणि आईनं दोन भाकऱ्या भाजून ताटं मांडली होती.

पंख्याला झटका दिला. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं.

तो कर्कश आवाज पत्र्याखाली घुमला, चुलीतली राख उडाली. आईनं वर आढ्याकडं पाहिलं. मग भिमाकडं.

"गेला वर," ती म्हणाली. ओठांवरून कळलं. "आता खाऊन घेते. त्यो उतरायच्या आत."

आणि ती जेवली. भिमा बघत राहिला. तिनं भाकरी मोडली, कालवणात बुडवली, हावऱ्यासारखी खाल्ली. आपलं ताट संपवून दुसरंही पुढं ओढलं. त्या भाकरीवर काळा डाग नव्हता. भिमाच्या डोळ्यांतून पाणी आलं, धुरानंही असेल. रोज असंच करायचं, त्यानं मनाशी ठरवलं. रोज सांजेला इंजिन लावायचं आणि आई जेवेपर्यंत चालू ठेवायचं.

पण जेवण झाल्यावर ते बंद कसं करायचं, हे त्याच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं.

टाकी लहान होती. त्यानं इंजिन चालू असतानाच कॅनमधून पेट्रोल ओतलं. थोड्या वेळानं परत ओतलं. उसाच्या फडावर अंधार उतरला. कॅन हलका लागायला लागला.

मोटारसायकल कोरडी होती. पेट्रोलपंप लांब होता.

त्यानं कॅन उलटा धरला. शेवटचे थेंब टाकीत पडले.

इंजिन एकदा अडखळलं. परत सुरू झालं.

आई उठली. हात धुतले. पिठाचा डबा पुढं ओढला, झाकण काढलं आणि आत हात घातला. मग डबा परातीवर पालथा करून बुडावर थापट्या मारल्या. परातीत काही पडलं नाही.

इंजिन थांबलं.

मळईकडून काहीच आवाज येत नव्हता. पलीकडच्या मळ्यातला पाण्याचा पंपही बंद होता.

"पीठ न्हाई, भिमा," आई हळू म्हणाली. "आता त्याला काय वाढायचं?"

आणि सवयीनं, तिनं तवा चुलीवर ठेवला.