दादाचा पॉवर कंडिशनर विकला

हे मी मनचं रचून नाही सांगत. कोणाले पटो, न पटो... मी माझ्या कानानं ऐकलं आहे.

मार्च २०१३. रायपूर, बूढ़ापारा. संध्याकाळचे सात.

माझा मोठा भाऊ निरंजन जानेवारीत गेला. वरच्या खोलीत, होम थिएटरसमोर बसल्या बसल्या. इंदू वहिनी चहा घेऊन आली तर म्हणाला, "इंदू, ऐक ना..."

आणि मान टाकली.

काय सांगायचं होतं, ते राहूनच गेलं.

त्यानंतर वहिनी रोज दिवेलागणीले वर जाऊन बसे. सिनेमा नाही, गाणी नाही. नुसता ॲम्प्लिफायर चालू. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, व्होल्टेजची कायमची बोंब, म्हणून दादानं नागपूरहून पॉवर कंडिशनर आणला होता. काळी, जड पेटी. ती लावली की स्पीकरची घरघर बंद. एवढं शांत की आपलाच श्वास ऐकू यावा.

वहिनी त्या शांततेत कान देऊन बसे.

मले वाटलं, बाई वेडी होईल. ती चार दिवस माहेरी गोंदियाले गेली, तशी मी पेटीची जाहिरात टाकली. तिले विचारलंही नाही. अक्कल गहाण ठेवली होती माझी, दुसरं काय!

त्या संध्याकाळी सातले पेटी घ्यायले जवळच्या अभनपूरचा हिरालाल साहू आला.

"भैया, चला के दिखाओ," म्हणे.

जुना माल कोणी चालवून पाहिल्याशिवाय घेत नाही. मी पेटी लावली, ॲम्प्लिफायर चालू केला. सीडी घातलीच नव्हती अजून.

घरघर थांबली.

आणि डाव्या स्पीकरमधून कोणीतरी खाकरलं...

"इंदू, ऐक ना... मी तुले..."

दादा!

हिरालाल खूश. "साउंड तो एकदम साफ है!"

मी खटकन स्विच बंद केला. खरं सांगतो, त्या वेळी भाऊ नाही आठवला. भीतीच वाटली फक्त. पेटी उचलून त्याच्या गाडीत ठेवली.

वहिनी परतली, तशीच वर गेली. स्पीकरमधून नुसती घरघर.

"भाऊजी, पेटी कुठं आहे?"

मी सांगितलं.

"रोज एक एक शब्द पुढं जाऊन राहिले होते ते. काहून विकली? मले विचारायचं तरी!"

मी तसाच खाली जाऊन नंबर शोधला.

हिरालालचा फोन लागेना. अठरा दिवस लागला नाही. शेवटी वहिनीले घेऊन मी अभनपूरले गेलो, घर शोधून काढलं.

पेटी त्यानं अंगणात ठेवली होती. पोत्यानं झाकून...

"हव, ले जाओ भैया. इसमें कोई आदमी बोलता था. मराठी में. हमारे घर में मराठी कोई जानता नहीं."

"क्या बोलते थे?" वहिनीनं पुढं होऊन विचारलं.

"समझ में नहीं आया, दीदी. पहले थोड़ा-थोड़ा. फिर एक दिन शाम को बोलता ही गया... आधा घंटा. बीच में रोया भी. आखिर में कुछ पूछा. दो-तीन बार वही पूछा. फिर रुक गया."

"फिर?"

"हम लोग क्या जवाब देते, दीदी? सब चुप बैठे रहे."

त्यानं पेटीवरचं पोतं काढलं.

"उसके बाद आवाज़ नहीं आई."

पेटी आम्ही परत आणली. लावली.

घरघर थांबते. बाकी काहीच नाही...

वहिनी अजूनही रोज सातले वर जाते. मी जिन्यात बसून राहतो. आत जायची हिंमत होत नाही.

कधी तिचा आवाज येतो, "हो."

कधी म्हणते, "नाही हो, नाही."

दादानं काय विचारलं होतं, ते तिले माहीत नाही.