शेण गेलं कुठे?

"आजपण पाटी रिकामीच?" आयने कमरेवर हात ठेवून विचारलं, आणि गौराने मान खाली घातली.

शिमग्याच्या सुट्टीसाठी ती आश्रमशाळेतून साखरशेतला घरी आली होती. आल्या आल्या आयने तिच्या हातात पाटी दिली. थंडी ओसरायला लागली, पळस फुलला, की गावाला एकच ध्यास लागतो, तो राबाचा. शेण, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर शेतात रचायचे, पुढे ते भाजायचे आणि पावसाळ्यात त्याच जागेवर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप घ्यायचं. या दिवसांत साखरशेतात वाटेवरचं शेण कोणी ओलांडून जात नाही. शेजाऱ्याच्या नजरेला पडायच्या आत ते उचललं जातं.

गौरा, तिचा चुलतभाऊ लहान्या आणि शेजारचा गोकुळ रोज पाट्या घेऊन नदीकाठी जात होते. कारण जगनकाका, म्हणजे लहान्याचा बाप, सगळ्या पाड्याची गुरं आणि शेळ्या तिथेच चारायला नेत असे. एरवी प्रत्येक घराची गुरं राखायची पाळी ठरलेली. पण यंदा काकाने सगळ्यांच्या पाळ्या आपणहून अंगावर घेतल्या होत्या. जो माणूस पाण्याचा तांब्यासुद्धा दुसऱ्याला मागतो, त्याला एकदम एवढी समाजसेवा सुचावी, याचं गौराला जरा नवल वाटलं होतं. मोठ्या माणसांना मात्र काही वाटलं नाही. त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि आपापल्या पाळीतून सुटका करून घेतली.

"आय, नदीवर शेणच नाय," गौरा म्हणाली.

"मग गुरं काय शेण पोटातच साठवतात?" आयने विचारलं. यावर लहान्या खुसुखुसू हसला आणि त्याला भांडी घासायला बसावं लागलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आरडाओरडा ऐकू आला. पलीकडच्या घरातला हेमराजमामा जव्हारच्या एका कचेरीत शिपाई होता. सकाळच्या जीपने जायचा, दिवे लागायच्या वेळेला परतायचा, आणि परतला की आधी आपला वाल बघायचा. आज त्या वालाचा पुन्हा निम्मा वाफा साफ झाला होता.

"रघु, तुझ्या टिकलीनं माझा वाल खाल्ला!" तो अंगणात येऊन गौराच्या बावर गरजला.

टिकली म्हणजे गौराची काळी शेळी. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. तिची आई ती जन्मली तेव्हाच मेली आणि गौराने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. शाळेत असताना गौराला घरच्या माणसांच्या आधी टिकलीची आठवण यायची, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. टिकली काही साधुसंत नव्हती. गेल्या वर्षी तिने हेमराजमामाचा कोरा टॉवेल खाल्ला होता. तेव्हापासून पाड्यात काहीही गेलं की नाव टिकलीचंच.

नुकत्याच गुरं घेऊन परतलेल्या काकानेही लगेच री ओढली. "मी नदीवर कितीही राखली तरी ती डोळा चुकवून पळतेच," तो म्हणाला.

बाने काहीच वाद घातला नाही. त्याने खुंटीवरचं नवं तांबडं दावं काढलं आणि टिकलीच्या गळ्यात बांधलं. शेजाऱ्याशी रोजचं भांडण नको, येत्या बाजारात हिला जव्हारला नेतो, एवढंच तो म्हणाला. बाने दावं बांधताना गौराकडे बघायचं टाळलं, म्हणजे त्यालाही वाईट वाटत होतं. पण वाईट वाटून दावं सुटत नाही.

गवत रचून ठेवायच्या उंच माचाखाली तिघांची बैठक बसली.

"याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी," गोकुळ म्हणाला. त्याला शाळेत शिकलेलं लगेच खर्च करायची सवय होती.

"टिकली कुठं संन्याशी हाय? तिनं टॉवेल खाल्ला," लहान्या म्हणाला.

गौराच्या डोक्यात आयचा प्रश्न फिरत होता. गुरं दिवसभर चरतात, तर शेण पडणारच. नदीवर पडत नाही, तर मग ते कुठे पडतं? जिथे शेण, तिथे गुरं. आणि गुरं नदीवर नसतील, तर काका तरी नदीवर कसा असेल?

"उद्या आपण नदीवर जायचंच नाय," ती म्हणाली. "उलट्या बाजूला जायचं."

दुसऱ्या दिवशी ते सागाच्या टेकाडाच्या बाजूने निघाले. निम्मा चढ चढले आणि गोकुळ एकदम थांबला. वाळलेल्या पानांवर सगळीकडे शेण! जुनं, ताजं, निम्मं वाळलेलं. साखरशेतात एवढं शेण बेवारस पडलेलं कोणी कधी पाहिलं नसेल. शेतात गुप्तधनाचा हंडा सापडावा तसे ते तिघे हरखले. लहान्याने तर पाटी भरल्यावर टोपीतही भरायला घेतलं.

"थांब!" गौरा कुजबुजली. वरून आवाज येत होता.

टेकाडाच्या माथ्यावर एक मोठा खडक होता. पाड्यात कुठेच मोबाइलला रेंज येत नसे, ती फक्त या खडकावर यायची. त्या खडकावर जगनकाका पालथा पडून, दोन्ही हातांत मोबाइल धरून क्रिकेटची मॅच बघत होता. खाली गुरं वाट फुटेल तिकडे पांगली होती.

"आरं, सोडला!" काका खडकावर मूठ आपटून ओरडला. "एवढा सोपा झेल कोण सोडतो का? जरा ध्यान नको?"

लहान्याने बापाकडे पाहिलं, मग पांगलेल्या गुरांकडे पाहिलं. "ध्यान म्हणं," तो हळूच म्हणाला.

गोकुळला आत्ताच्या आत्ता गावात जाऊन बोंब मारायची होती. गौराने त्याला आवरलं. काका म्हणेल, आजच तेवढा आलो होतो. आणि टिकलीवरचा आळ तर तसाच राहील. "काका आपल्या तोंडानंच पकडला जायला पाहिजे," ती म्हणाली आणि तिने बेत सांगितला.

बाजाराच्या आदल्या सकाळी बा आणि आय राबासाठी फांद्या तोडायला गेले. गौराने टिकलीचं दावं सोडलं आणि तिला गोकुळच्या रिकाम्या गोठ्यात नेलं. तिथे पहाऱ्याला लहान्या बसला. टिकली ओरडायला लागली की तिच्या तोंडात पाला द्यायचा, एवढंच त्याचं काम. पाला संपल्यावर त्याला स्वतःची भाकर द्यावी लागली. आपल्या ताटातलं दुसऱ्याला द्यायची लहान्याची ही पहिलीच वेळ होती.

आता काका गुरं न्यायला येईल, टिकली नाही हे बघेल आणि शोधायला लागेल, अशी धाकधूक गौराला होती. काका आला. मोबाइलची बॅटरी बघत बघतच त्याने गुरं हाकली आणि गेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

संध्याकाळी गुरं परतली. अंगणात शेकोटीपाशी बा आणि आय बसले होते. गौराने काकाला पाणी दिलं आणि भोळ्या आवाजात विचारलं, आज टिकली कशी वागली?

"नको विचारूस, पोरी!" काकाने उसासा टाकला. "आखा दिवस जीव खाल्ला तिनं. दोनदा नदीत उतरली. तिच्यामागं धावून माझ्या पायात काटा गेला. शेवटी पुन्हा पळालीच." त्याने पायसुद्धा दाखवला.

त्याच वेळी हेमराजमामा कुंपणाचा झापा ढकलून आत आला. "रघु, उरलेला वालपण गेला. तुझ्या टिकलीनं खाल्ला!"

"मामा, तुम्ही तिला खाताना बघितलं का?" गौराने विचारलं.

"बघायला कशाला पाहिजे? तिचं काम मला ठाऊक हाय."

गौराने शीळ घातली. गोकुळच्या गोठ्याचं दार उघडलं आणि लहान्या बाहेर आला. त्याच्या केसांत गवत होतं आणि मागे टिकली रवंथ करत होती.

"ही सकाळपासून इथंच हाय," तो रडवेला होऊन म्हणाला. "माझी भाकरपण खाल्ली तिनं."

काकाने पाय हळूच मागे घेतला. बाने त्याच्याकडे पाहिलं. मग गौराने सागाच्या टेकाडावरचं शेण, खडक आणि सुटलेला झेल, सगळं सांगितलं. मॅच शेवटपर्यंत रंगली होती, असं काहीतरी काका पुटपुटला, पण ते ऐकायला कोणी तयार नव्हतं.

"ते ऱ्हाऊ दे," हेमराजमामा चिडून म्हणाला. "मग माझा वाल खाल्ला कोणी?"

"मामा, वालात काही पडलेलं दिसलं का?"

"पडायचं काय? शेणाचे पो. ताजे."

"मग त्याचं काय केलंत?"

"काय करणार? उचलले नि राबावर टाकले. रोजच टाकतो. चांगलं शेण काय तिथंच सोडू?"

"पण मामा," गौरा म्हणाली, "बकरी तर लेंड्या टाकते."

हेमराजमामाने आपल्या हातांकडे पाहिलं. आठवडाभर तो रोज संध्याकाळी चोराची खूण स्वतःच्या हाताने उचलून राबावर टाकत होता आणि तिथून तडक भांडायला येत होता!

तेवढ्यात कुंपणापलीकडून हंबरणं ऐकू आलं. हेमराजमामाची स्वतःची गाय, मोरी, त्याच्या दारात धार काढायची वाट बघत उभी होती. तिच्या एका शिंगाला वालाची वेल लोंबत होती, शेंगांसकट. घरचीच गाय ती. आपल्या वाडीचा झापा कुठून उचलायचा, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत असणार?

पहिल्यांदा आय हसली, मग बा, मग हेमराजमामालाही हसू आवरेना.

"आमच्या पायाशी पडलेलं आम्हांला दिसलं नाय," बा म्हणाला. "पोरांना दिसलं. गौरा, शाळेत हेच शिकवतात का?"

"नाय. आयनं विचारलं, शेण गेलं कुठं, तेच शोधलं."

आयने पदराने डोळे पुसले, धूर गेला म्हणाली. मग तिने काकाच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि त्या जागी शेणाची पाटी दिली. राब पुरा होईपर्यंत टेकाडावरचं सगळं शेण काकाने एकट्याने आणायचं, असा निकाल लागला. बाने बाजारासाठी आणलेल्या तांबड्या दाव्याने हेमराजमामाच्या वाडीचा झापा घट्ट बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली. गौराला वाटलं, त्या दाव्याइतकी चांगली वस्तू घरात दुसरी नसेल.

हेमराजमामाने घरातून सूपभर वालाच्या शेंगा आणल्या. वाचलेल्या तेवढ्याच होत्या. तिन्ही पोरांसमोर त्याने सूप ठेवलं आणि गौराच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, चुकलो मी. उगाच मुक्या जनावरावर आळ घेतला. आजपासून तुझ्या टिकलीला मी एक शब्द बोललो, तर..."

शपथ पुरी झाली नाही. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, तेवढ्यात टिकलीने सुपात तोंड घातलं. लहान्या किंचाळून धावला, पण तोवर सुपात एकच शेंग उरली होती, आणि तीही टिकलीच्या तोंडात चालली होती.

"आता बघितलं मी!" हेमराजमामा ओरडला. "आता माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

"हो मामा," गौरा टिकलीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "ही चोरी मात्र तिचीच."