बाहेरची कडी

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं. पण हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मामेबहिणीसोबत घडलंय. सिरगानं मला हे सांगितलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, आणि तो हात बर्फासारखा गार होता.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. नारिन शहराच्याही वर, डोंगरात, साज-बुलाक नावाचं गाव आहे. सिरगा लग्न होऊन तिथं गेली. नवरा रशियात बांधकामावर. ती गावच्या शाळेत इतिहास शिकवायची.

त्या शाळेच्या अंगणात एक अर्धपुतळा आहे. सातिबाल्दी आगायचा. आमच्याकडं सरांना आगाय म्हणतात आणि बाईंना एजे. हे आगाय जुन्या शाळेचे मुख्याध्यापक. ती शाळा कोलखोजच्या, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीच्या काळात जळली. टेकाडावर तिच्या नुसत्या भिंती उरल्यात.

एका दुपारी सिरगानं नववीच्या वर्गाला विचारलं, “तो पुतळा कोणाचा?”

पोरं हसली. हा काय प्रश्न झाला?

बेकतुर उठला आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणून मोकळा झाला. “सातिबाल्दी आगाय यांनी जळत्या शाळेत शिरून मुलांना एकेक करून बाहेर काढले व स्वतः वीरमरण पत्करले.”

“तू होतास का तिथं?”

“मी? एजे, माझा बापसुद्धा जन्मला नव्हता!”

“मग तुला कसं कळलं?”

“आगायवरच्या पुस्तिकेत आहे.”

“पुस्तिका लिहिणारा होता तिथं?”

मग खिडकीजवळ बसणारी बेगायिम बोलली. हुशार पोरगी, जिभेनं जरा तिखट. “नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणचा कोणी साहेब होता. आगीनंतर कितीतरी वर्षांनी आला, जेवला, लिहून गेला.”

“बरोबर. हे झालं दुय्यम साधन,” सिरगा म्हणाली. “ऐकून, वाचून मागाहून लिहिलेलं. ते खोटंच असतं असं नाही. पण ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, जी वस्तू त्या दिवशी तिथं होती, ते प्राथमिक साधन. आधी त्याला विचारायचं. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.”

“मग माझ्या काकानं लांडगा मारला म्हणतो, ते काय?” बेकतुरनं विचारलं.

“कोणी पाहिलं?”

“काकीनं. ती म्हणते कुत्रं होतं. आणि तेही पळालं.”

सगळा वर्ग खदखदून हसला. सिरगाही हसली.

आणि तेवढ्यात...

खट्ट.

दाराला बाहेरून कडी लागली.

हसू जागच्या जागी थांबलं. सिरगानं जाऊन दार ओढलं. हलेना. बेकतुरनं खांदा लावला. हलेना.

मग आपोआप सैल झालं आणि उघडलं.

बाहेर लांबलचक रिकामा व्हरांडा. कोणी नाही.

सिरगानं दाराची बाहेरची बाजू पाहिली.

त्या दाराला बाहेरून कडीच नव्हती.

संध्याकाळी मुख्याध्यापक एसेनबेकनं तिला बोलावलं. तो सातिबाल्दी आगायचा सख्खा नातू.

“सूनबाई,” तो म्हणाला. गावातल्या सुना तिथं अजून शिक्षिका होत नाहीत, सुनाच राहतात. “पोरांना परीक्षेला बसवायचंय. पोलिसात भरती नाही करायचं.”

“आगाय, मी फक्त साधनं शिकवतेय.”

“माझ्या आजोबांवर शिकवू नकोस. दुसरे पुष्कळ मेलेत.”

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. सिरगा बसली नाही. तिला कळलं होतं, त्या आगीतून वाचलेलं एक माणूस अजून जिवंत आहे.

उपेल आपा.

गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली, जळून. कोणी कधी तिला काही विचारलं नव्हतं.

शनिवारी दुपारी सिरगा, बेगायिम आणि बेकतुर तिच्याकडं गेले. आपानं चहा ओतला, रोटी मोडून पुढं ठेवली. बेगायिमनं फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं.

“आपा, त्या दिवशी काय झालं?”

म्हातारीनं चुलीत एक लाकूड सारलं.

“इतकी वर्षं पुतळ्याला फुलं वाहिलीत,” ती म्हणाली. “आज बरं आठवलं विचारायचं?”

मग ती बोलायला लागली.

“मेंढ्या व्यायचे दिवस होते. आम्ही पोरं शाळेतून पळायचो, गोठ्यात जायचो. त्या दिवशी तपासणी साहेब यायचा होता. वर्ग भरलेला दिसायला हवा. म्हणून सातिबाल्दीनं आम्हाला आत घातलं आणि बाहेरून कडी लावली. आणि साहेबाला घेऊन गेला घरी, मटण खायला.”

बाहेर शेजारचं कुत्रं भुंकत होतं.

ते एकदम थांबलं.

“शेगडी कलंडली. आम्ही दारावर थापा मारल्या. तो आला... दाराच्या खालच्या फटीतून मला त्याचे बूट दिसले. नवे बूट. कडीपासून हातभर लांब.”

“मग?” बेगायिमनं विचारलं.

“मग काहीच नाही. उभा राहिला. मागून साहेब येत होता ना. कडी काढली असती तर साहेबानं विचारलं असतं, कोणी लावली? मला आणि आणखी दोघा-तिघांना कोणीतरी खिडकीच्या फुटक्या काचेतून ढकललं. बाकीची आतच... आणि छप्पर कोसळलं ते त्याच्यासुद्धा अंगावर. लोकांनी त्याला दाराशी मेलेला पाहिला. म्हणाले, वाचवायला गेला होता.”

सिरगानं आपाची चिकटलेली बोटं हातात घेतली.

तेव्हा बाहेर आवाज आला.

कर्र... कर्र... कर्र...

बर्फावर बुटांचा आवाज. घराला वळसा घालत. सावकाश. दाराशी येऊन थांबला.

“आला,” आपा म्हणाली. “मला वाटलंच होतं.”

खट्ट.

बेकतुर धावत दाराशी गेला. दार जाम. खोलीत जळक्या लोकरीचा वास पसरला. बेगायिम रडायला लागली.

पण ती म्हातारी... ती भिंतीला धरून उठली, चुलीची लोखंडी सळई घेतली आणि दारावर हाणायला लागली.

“सातिबाल्दी! तेव्हा उघडलं नाहीस! आता उघड, कुत्र्या! पोरं आहेत आत!”

दार उघडलं.

बाहेर ऊन होतं. घराभोवतीचा बर्फ कोवळा, स्वच्छ. त्याच्यावर त्या तिघांची येतानाची पावलं सोडली तर एकसुद्धा खूण नव्हती.

“जा तुम्ही,” आपा म्हणाली. “माझं आता काय वाकडं करणार आहे तो?”

सिरगा तिला माझ्या घरी चल म्हणाली, खूप विनवलं. म्हातारी ऐकेना.

सोमवारी वर्गात सिरगानं रेकॉर्डिंग लावलं.

बेगायिमचा प्रश्न ऐकू आला. चहाच्या वाट्यांचा आवाज. चुलीतला जाळ.

पण आपाचा आवाज नव्हता.

एक शब्दही नाही. प्रश्न यायचा, आणि पुढं नुसती शांतता. आणि त्या शांततेत कोणीतरी... अगदी फोनजवळ तोंड आणून... जड श्वास घेत होतं. पुरुषाचा श्वास.

तेवढ्यात दार उघडलं. एसेनबेक होता.

“उपेल आपा गेली,” तो म्हणाला. “पहाटे.”

बायकांनी सिरगाला मागाहून सांगितलं. म्हातारी आतल्या बाजूनं दाराला टेकून बसलेली सापडली. तळहात सोलून निघालेले. नखं तुटलेली. आणि दाराला कडी लागलेलीच नव्हती. नुसतं ढकललं असतं तरी बाहेर पडली असती.

मातीहून परत येताना सिरगानं बेकतुरला गाठलं. “आपानं काय सांगितलं, ते तू ऐकलंस ना? लक्षात ठेव. आता आपण तिघंच आहोत.”

बेकतुरनं तिच्याकडं पाहिलं. भ्यालेला नव्हता. चेहरा अगदी साधा.

“हो एजे. आपा म्हणाली, सातिबाल्दी आगाय यांनी जळत्या शाळेत शिरून मुलांना एकेक करून बाहेर काढले...”

“बेकतुर! थट्टा नको.”

“थट्टा कसली? हेच म्हणाली की आपा!”

त्याला खरंच दुसरं काही आठवत नव्हतं. त्या दिवसाचा चहा आठवत होता. रोटी आठवत होती. ते शब्द तेवढे गेले होते.

राहिली बेगायिम. तिला सगळं आठवत होतं, आणि तिचं डोकं तापलं होतं.

“एजे, आवाज पुसता येतो. पण तुम्हीच म्हणालात ना, वस्तूसुद्धा साक्षीदार असते. जुन्या शाळेची दाराची चौकट अजून उभी आहे. कडीचा कोयंडा आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, एवढंच बघायचंय.”

“एकटी जायचं नाही. ऐकलंस? माझ्याशिवाय नाही.”

“नाही जाणार.”

पण ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिची आई शोधत आली. कोट न घालताच सिरगा टेकाडाकडं धावली. उन्हं डोंगराआड चालली होती. गुडघाभर बर्फ.

वर भिंती होत्या, काळ्या पडलेल्या. छप्पर नाही. दार नाही. दाराची लाकडी चौकट तेवढी उभी होती, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला गंजलेला कोयंडा.

बाहेरच्या अंगाला.

आणि चौकटीच्या पलीकडं बेगायिम उभी होती.

ती ओरडत होती. तोंड उघडत होतं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. पण आवाज येत नव्हता. दोन्ही हातांनी ती समोर थापा मारत होती.

समोर काहीच नव्हतं. नुसती हवा.

सिरगानं हात पुढं केला. बोटं लाकडाला लागली.

न दिसणाऱ्या लाकडाला. आणि ते तापलेलं होतं.

तिनं लाथा मारल्या. भिंतीवरून चढायला गेली, घसरून पडली. आत बेगायिम आता खोकत होती. गुडघ्यांवर बसली होती.

तेव्हा सिरगाच्या मागं बर्फ वाजला.

कर्र...

अगदी पाठीशी. जळक्या लोकरीचा वास. तिला मान वळवता येईना. कोणीतरी कानाशी बोललं. शांत आवाज. वर्गात पोराला उभं करून विचारावं, तसा.

“आगीच्या दिवशी काय झालं? सांग.”

सिरगा मला म्हणाली, “मी त्याला शिवी देणार होते. उपेल आपासारखी. माझ्या ओठावर आली होती. पण पोरगी समोर निळी पडत होती गं...”

तिनं म्हटलं.

सगळं वाक्य म्हटलं. सातिबाल्दी आगाय यांनी जळत्या शाळेत शिरून... पार शेवटच्या शब्दापर्यंत.

“मोठ्यानं,” आवाज म्हणाला.

तिनं पुन्हा म्हटलं. ओरडून. टेकाडाखालच्या घरांना ऐकू जाईल एवढ्यानं.

खट्ट.

बेगायिम चौकटीतून बाहेर पडली, तोंडावरच. तिचे तळहात फोडांनी भरले होते.

पोरगी वाचली. आज बरी आहे. पण तिला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही. तळहात कसे भाजले असं विचारलं, तर म्हणते चुलीवर. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ती सातिबाल्दी आगायवर बोलली आणि पहिली आली. टाळ्या वाजत होत्या तेव्हा सिरगा मागच्या रांगेत बसून रडत होती.

आता सगळं जाणणारी ती एकटीच उरली होती.

वसंतात, बर्फ वितळायला लागल्यावर, एक दिवस एसेनबेक तिच्या दारात आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. सासू शेतावर होती. तो आत येईना. ओसरीवरच टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“सिरगा,” तो म्हणाला. सूनबाई नाही म्हणाला. “उपेल आपानं तुला काय सांगितलं होतं?”

सिरगानं दाराची चौकट धरली.

“माझ्या घरात कोणीतरी चालतं. रोज. दारं लावतं. बायको पोरांना घेऊन माहेरी गेली. मी आजोबांच्या नावानं कुराण वाचून घेतलं, मेंढा कापला. काही फरक नाही. त्यांना काय पाहिजे तेच कळत नाही मला. त्यांनी काय केलं होतं, ते एकदा सांग. मी कोणाला बोलणार नाही.”

याच माणसानं तिला धमकावलं होतं. आता तोच तिच्या दारात टोपी चुरगाळत होता.

सिरगाचं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते.

समोरच्या रस्त्यानं बेगायिम पाण्याची कॅन घेऊन चालली होती. तिनं हात हलवला. “एजे, येते हं संध्याकाळी!”

सिरगानं एसेनबेककडं पाहिलं आणि म्हणाली, “पुस्तिकेत आहे तेच, आगाय. दुसरं काही नाही.”

त्यानं टोपी डोक्यावर चढवली. मग मान हलवून निघून गेला.

त्याच आठवड्यात सिरगानं नोकरी सोडली. आता त्या गावापासून लांब, आमच्याकडं असते.

परवा तिच्या सासूचा फोन आला होता. एसेनबेकनं घराची सगळी दारं स्वतःच्या हातानं उपटून काढली आणि चुलीत घातली म्हणे. चौकटी उघड्या. थंडी पुन्हा सुरू झालीय, वारा सरळ घरातून वाहतो.

पण तो बाहेर येत नाही.

शेजारी भाकर नेऊन देतात. तो उंबऱ्यापर्यंत येतो... थांबतो... समोरच्या मोकळ्या जागेला तळहात लावून बघतो...

आणि मागं फिरतो.