फुटक्या चंद्राआडचं जहाज

"माझं जहाज बुडवलं," खुर्चीत बसता बसताच ती मुलगी म्हणाली. "कुणी बुडवलं ते मला कळलंच पाहिजे."

बद्रीनाथनं चहाचा कप खाली ठेवला. पोलिसात हवालदारकी करता करता त्याचे केस पिकले होते. चोऱ्या, मारामाऱ्या, पळवापळवी, सगळं पाहून झालं होतं. जहाजाची तक्रार मात्र पहिल्यांदाच येत होती.

"आपल्याकडं कुठलं जहाज? जायकवाडीत बुडालं का काय?"

"नाही काका. अंतराळात."

हिला जिना दाखवू का, अशा नजरेनं बद्रीनाथनं बिल्किसकडं पाहिलं. बिल्किसनं तिकडं लक्षच दिलं नाही. तिनं खुर्ची पुढं ओढली.

छावणी बाजारात एका बेकरीच्या वर बिल्किस काझीचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. निवृत्तीनंतर बद्रीनाथ तिच्या हाताखाली काम करायचा. वयानं ती बद्रीनाथपेक्षा बरीच लहान, पण सारी छावणी तिला आपा म्हणायची म्हणून तोही म्हणायचा. तिच्या डोक्यापुढं आपलं चालत नाही हे तो मनातल्या मनात कबूलही करायचा. तोंडानं मात्र तो दिवसभर वैतागलेलाच असायचा.

"नाव काय तुझं? आणि सावकाश सांग," बिल्किस म्हणाली. "बद्रीभाऊंना समजेल असं."

"सायली. घरूनच काम करते, कंपन्यांची ड्रॉइंग्ज काढते. हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे, जगभरातले लोक एकाच वेळी खेळतात. आमच्या गटाचं एक ठाणं होतं, अंतराळाच्या पार टोकाला. तांबड्या टोळीनं त्याला वेढा घातला. आतलं इंधन संपत आलं होतं. ते पोचवायला मी एकटी निघाले."

"एकटीच का? सोबतीला माणसं नाय घेतली?"

"ताफा लांबून दिसतो, काका. एकटं जहाज निसटून जातं. वाटसुद्धा मी कुणाला सांगितली नव्हती."

"मग?"

"मग मध्येच नळाला पाणी आलं."

बद्रीनाथनं कपाळाला हात लावला. "अंतराळात?"

"पदमपुऱ्यात! आमच्या घरी!"

बिल्किस हसली नाही. ती म्हणाली, "पुढं."

"त्या भागात खेळ मध्येच बंद करता येत नाही. जहाज तिथंच राहतं. आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही थोडा वेळ. मग जहाज लपवून उठायचं. निम्म्या वाटेवर एक फुटका चंद्र आहे, मी नेहमी त्याच्याच आड लावते. कुठल्याही वाटेनं गेलं तरी तो जवळ पडतो. गटातले सगळे त्याला 'सायलीचा हौद' म्हणून चिडवतात."

"त्या दिवशी पाण्याचा वार होता?"

"नव्हता ना! पाणी एक दिवस आधीच आलं. पाण्याच्या दिवशी एवढं जोखमीचं काम कोण काढेल?"

सायलीचं आणि शेजारच्या रुक्सारचं घर भिंतीला भिंत लागून. पाणी ओढायची मोटर दोन्ही घरांत मिळून एकच. पाणी आलं की एकीनं खाली मोटरीपाशी थांबायचं, दुसरीनं गच्चीवर टाकीपाशी, आणि वरून ओरडायचं, 'बंद कर!' शाळेत असल्यापासून दोघींचं हेच चाललेलं होतं. हा खेळही दोघींनी बरोबरच धरला होता.

"जिन्यात मी तिला एवढंच म्हणाले, जहाज आडोशाला लावलंय," सायली म्हणाली. "गटाला कळवायलाही वेळ नव्हता. गच्चीवरून खाली पाहिलं तर ती मोटरीजवळ उभी राहून फोनवर बोलत होती. टाकी भरल्यावर येऊन बघते, तर जहाजाचे तुकडे. तांबडी टोळी कुठंही शोधाशोध न करता थेट चंद्राआड आली होती. ठाणंही पडलं. त्याच संध्याकाळी गटानं रुक्सारला काढून टाकलं."

"आणि तू?"

सायलीनं मान खाली घातली. "मीपण हो म्हणाले. तेव्हापासून बोलणं बंद आहे. आता तिचे अब्बा वेगळी मोटर बसवणार आहेत. मॅडम, जहाज गेलं तर गेलं. तिनं केलं असेल तर तसं सांगा, मी तोंड बंद करून बसेन. आणि नसेल केलं तर..."

"तिनंच केलं," बद्रीनाथ म्हणाला. "माहीत तिलाच होतं, फोनही तिनंच लावला. अजून काय पाहिजे?"

"तांबडी टोळी त्या चंद्राच्या जवळच असते का?" बिल्किसनं विचारलं.

"नाही, दुसऱ्या टोकाला. यायला निम्मी टाकी भरेल इतका तरी वेळ लागतो."

"आणि गटात आपल्याकडचे कोण आहेत?"

"आप्पासाहेब, गटाचे प्रमुख. वैजापूरला त्यांची कांद्याची आडत आहे. त्यांना मी पाहिलेलंही नाही. आणि शिवराज. पैठण रोडला मामाच्या धंद्यावर बसतो. एकदा जुना मॉनिटर घरी आणून द्यायला आला होता. बाकीचे सगळे परदेशात."

*

पैठण रोडला जाईपर्यंत बद्रीनाथची स्कूटर तापली आणि तोही तापला. "खोटं जहाज, खोटं इंधन, आन् खरं पेट्रोल जळतंय माझं," तो वाटभर पुटपुटत होता.

शिवराजच्या मामाच्या आवारात चिखल होता. टँकर ओळीनं उभे होते, एक बोअरच्या जाड नळीखाली भरत होता. पत्र्याच्या खोलीत शिवराज टेबलाशी बसला होता. पंचविशीचा, तरतरीत. समोर दोन फोन.

"मी त्या दिवशी खेळतच नव्हतो, मॅडम. धंद्याचा टाईम होता. जहाज गेलं हे मला संध्याकाळी ग्रुपवर कळलं."

"संशय कुणावर?"

"संशय कसला त्यात? वाट सायलीनं कुणालाच सांगितली नव्हती. थांबली ते एकट्या रुक्सारला माहीत होतं." दोनपैकी एक फोन वाजला. "हां काकू, निघालीय गाडी. पाईप तेवढा काढून ठेवा." फोन ठेवून तो म्हणाला, "सायली पोरगी हुशार आहे, पण भोळी. सगळे डोक्यावर घेतात तिला, म्हणून तिला वाटतं सगळे आपलेच."

बाहेर आल्यावर बद्रीनाथ म्हणाला, "मी म्हणलो तेच हा म्हणतोय."

"हां. बिलकुल तेच," बिल्किस म्हणाली आणि स्कूटरवर बसली.

आप्पासाहेब फोनवर भेटले. मागं मार्केट यार्डातला एवढा गलका होता की बद्रीनाथला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"तुम्ही त्या दिवशी ठाण्याच्या तोंडाशी पहाऱ्यावर होता म्हणे. मध्येच उठलात?" बिल्किसनं विचारलं.

"उठलो, व्हय! लिलाव निघाला आमच्या गाळ्यापुढं. कांदा सोडून ठाणं राखत बसू का? त्यावरनं पोरं मला बी बोलली. बोलू द्या."

"पदमपुऱ्यात पाणी आलंय, हे तुम्हाला कधी कळलं?"

"मला? वैजापुरात बसून मला तिकडचा नळ दिसतो का बाई?" आप्पासाहेब खवळले. "काय पण इचारता! पोरगी फसली ह्याचं मला लई वाईट वाटतंय. बोलून चालून एकच ती गोड बोलणारी. त्यो शिवराज तर खेळताना तोंडच उघडत नाय. माईक बिघडलाय म्हणं, वरीस झालं. नुसतं टाईप करत बसतो. आमचा म्हातारपणी चष्मा चढ-उतार करून जीव जातो वाचता वाचता."

बद्रीनाथचा संशय आता आप्पासाहेबांकडं वळला. ऐन वेळी पहारा सोडणारा माणूस त्यानं नोकरीत फार पाहिला होता. तसं तो बोलूनही गेला.

"पण जहाज ठाण्याच्या तोंडाशी कुठं फुटलं, बद्रीभाऊ? ते फुटलं निम्म्या वाटेवर."

बद्रीनाथनं स्कूटरची किल्ली काढली. या पोरांच्या आभाळात कुठलं काय कुठं आहे हे देवालाच ठाऊक.

रुक्सार औषधांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला गोळ्या देऊन होईपर्यंत तिनं दोघांना उभंच ठेवलं.

"सायलीनं पाठवलं का?" ती म्हणाली. "तिला सांगा, मोटर तिलाच राहू दे. आमची आम्ही नवी घेतोय."

"मोटरीजवळ उभी राहून फोन कुणाला करत होतीस?"

"टँकरवाल्याला. अब्बानं दुसऱ्या दिवशीचा टँकर सांगून ठेवला होता. एक दिवस आधीच पाणी आलं, मग टँकर कशाला? दोन घरं मिळून मागवतो आम्ही, अब्बाच सांगतात नेहमी. पत्ता सांगितला, पाणी आलं, आता नको, एवढंच बोलले." तिनं फोन काढून बिल्किससमोर धरला. त्या वेळचा एकच कॉल होता. नाव 'टँकर'. "झाली का खात्री? का खिसेपण तपासता?"

"झाली," बिल्किस म्हणाली. "उद्या दुपारी ऑफिसात ये. सायली असेल. पण ये."

बाहेर पडताच बद्रीनाथचा बांध फुटला. "आपा, तीन माणसं पाहिली, एकानं कांदा सांगितला, एकीनं टँकर! ह्यात जहाज कुठंय?"

"जहाज सोडा हो. पाणी पहा."

बद्रीनाथनं किक मारली. ती लागली नाही. त्यानं आणखी जोरात मारली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिस भरलं. आप्पासाहेब एसटीनं आले होते आणि बसच्या सीटला शिव्या घालत होते. शिवराज एक फोन टेबलावर ठेवून दुसऱ्यात काहीतरी पाहत होता. रुक्सार दाराशी बसली, सायली खिडकीशी. दोघी एकमेकींकडं पाहत नव्हत्या.

"आपण सगळे एकच प्रश्न विचारत होतो," बिल्किसनं सुरुवात केली. "जहाज कुठं थांबलंय हे कुणाला माहीत होतं? उत्तर आलं, रुक्सारला. म्हणून रुक्सार गुन्हेगार. पण जागा काही गुपित नव्हती. सायली उठली की त्या चंद्राआडच थांबते, हे गटातल्या प्रत्येकाला ठाऊक. चिडवायला नावसुद्धा ठेवलंय. खरी गोष्ट कळायला हवी होती ती वेगळीच. ती केव्हा उठणार?"

"पाण्याच्या दिवशी," बद्रीनाथ म्हणाला.

"आणि तो पाण्याचा दिवस नव्हता. पाणी आधीच आलं. म्हणजे आदल्या दिवशी बेत करणं कुणालाच शक्य नव्हतं. तरी टाकी भरायच्या आत टोळी तिथं हजर. त्यांना यायला वेळ लागतो. याचा अर्थ, नळाला पाणी आलं आणि जवळजवळ लगेच त्यांना निरोप गेला. मग प्रश्न असा, की त्या गल्लीत पाणी आलंय हे तेव्हा कुणाला कळलं?"

"गल्लीला," सायली हळूच म्हणाली. "आणि रुक्सारला."

"आणखी एकाला. ऐन वेळी पाणी आलं की आपल्याकडं माणूस पहिलं काय करतो? सांगून ठेवलेला टँकर रद्द करतो. रुक्सारनं तेच केलं. टँकरवाल्याला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, पाणी आलं. बेटा, तो नंबर जरा लाव."

रुक्सारनं नंबर लावला. टेबलावरचा शिवराजचा फोन वाजू लागला.

तो वाजत राहिला. कुणीच तो उचलला नाही.

"पत्ता याला पाठ होता, मॉनिटर द्यायला घरी गेलेला," बिल्किस म्हणाली. "पाणी आलं, म्हणजे सायली उठली. सायली उठली, म्हणजे जहाज चंद्राआड. याला वेगळं कुणी काही सांगायची गरजच नव्हती. आणि रुक्सारला आवाज ओळखू आला नाही, कारण खेळात हा कधी बोलत नाही. आप्पासाहेबांनीच मला सांगितलं ते."

"धंद्यावर बसून बोलताना मामाला ऐकू गेलं असतं, म्हणून टाईप करायचो," शिवराज म्हणाला. मग आपण निम्मं कबूल करून बसलो हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. "तांबडी टोळीवाले मला प्रमुख करतो म्हणाले होते. नवीन ठाण्याचा. इथं काय होतं मला? सायलीनं हे केलं, सायलीनं ते केलं. मी वर्षभर पहारे दिले, कुणी नाव तरी घेतलं?"

"पहारे दिलेस ना? मग त्या पोरीवर आळ आला तवा तोंडाला कुलूप का लावलंस?" आप्पासाहेब ओरडले. "ठाणं जाऊ दे खड्ड्यात! जहाज परत बांधता येतं. तिला ग्रुपमधून काढताना पहिला अंगठा तुझा होता!"

शिवराजनं दोन्ही फोन खिशात घातले आणि कुणाकडं न बघता जिना उतरून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. अडवायला कायद्यात कलमच नव्हतं, याचाच बद्रीनाथला सगळ्यात जास्त संताप आला.

सायली उठून रुक्सारसमोर उभी राहिली. "माझं चुकलं."

"किती दिवस झाले?" रुक्सार म्हणाली. "भिंतीपलीकडं राहते मी. माझी भांडी पडली तरी तुला ऐकू येतात. तपासाला माणसं लावलीस, ही बाई पैठण रोडपर्यंत जाऊन आली. फोन कुणाला केला होता, एवढं मला विचारता नाही आलं तुला?"

"मला भीती वाटली. तू 'हो' म्हणाली असतीस तर?"

"म्हणजे मी हो म्हणू शकते, असं वाटलं तुला."

रुक्सारनं ओढणी सारखी केली आणि ती बाहेर पडली. क्षणभरानं सायली तिच्यामागं धावली. जिन्यातच दोघींची जुंपली. कोण कधी काय म्हणालं होतं, कुणी कुणाला दहावीत काय ऐकवलं होतं, सगळं निघालं. बेकरीतली गिऱ्हाइकं वर बघायला लागली.

"आता काय म्हणावं ह्या पोरींना!" बद्रीनाथ तरातरा दाराकडं निघाला. "थांबा, मी मिटवून येतो."

"बसा बद्रीभाऊ," बिल्किस म्हणाली. "इतके दिवस एक शब्द नव्हता दोघींत. भांडू द्या त्यांना."