हारवाला फोटो

दर वेळी मीच का? शिकलेले तुम्ही, चंदीगडजवळ खरड गावात फ्लॅट घेऊन राहता, दिवसभर इंग्रजी फाडता, आणि रात्र झाली की "हरिभाऊ, भुताची सांगा." मी भुताची नाही सांगत. एकनाथची सांगतो. खरी आहे. मध्ये कोणी हसलं तर उठून जाईन.

साल अठ्ठ्याऐंशी. सतरा डिसेंबर, शनिवार. तेव्हा चंदीगडात सात वाजायच्या आत माणसं कड्या लावून घ्यायची. चौकाचौकात पोलिसांचे नाके. दुचाकीवर डबल सवारी बंद, कारण मागे बसलेला अतिरेकी गोळ्या झाडायचा.

एकनाथचं काम साधं होतं. बावीस सेक्टरच्या बाजारातून राजाभाऊचे तीन फोटो फ्रेम करून आणायचे.

दोघंही फौजेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. सासष्ट साली मद्रासकडच्या एका जुन्या धावपट्टीवर राजाभाऊनं मोटरसायकलची शर्यत मारली होती, तिचे हे फोटो. एकात गाडी वळणावर आडवी झालेली. दुसऱ्यात नुसती धूळ आणि चाक. तिसऱ्यात राजाभाऊ, गळ्यात झेंडूचा हार, बत्तीशी बाहेर. आता त्या गाडीचं इंजिन तीन रात्री जागून कोणी बांधलं? एकनाथनं. आणि फोटोत एकनाथ कुठे? तिसऱ्यात, कडेला, कोपर. नुसतं कोपर.

बावीस वर्षं ते कोपर त्याच्या पोटात सलत होतं. वर राजाभाऊ म्हणतो कसा, "एकनाथा, तूच आण बाबा. तुला काय, काम नाही धंदा नाही."

रविवारी फोटो भिंतीवर चढणार, सगळी मराठी मंडळी जेवायला येणार. राजाभाऊ स्वतः पिंजौरला गेला होता, शर्यतीची तीच गाडी दुरुस्त करून चालवत आणायला. पन्नाशीत. हौस बघा.

फोटो टाकताना एकनाथ दुकानदार नरेशला म्हणाला होता, "हारवाला बड़ा करना." मी शेजारीच उभा होतो. म्हणायचं होतं, गळ्यात हार आहे तो फोटो मोठा कर; पण गळ्यातल्या हाराला हे लोक माला म्हणतात. नरेशनं डोकं चालवलं. माणूस गेलाय, फोटोला हार पाहिजे.

एकनाथ घ्यायला गेला तर मोठ्या फ्रेमवर चंदनाचा हार. खाली पितळी पट्टी. स्वर्गीय.

"यह क्या किया?"

"आप ही तो बोले थे जी, हारवाला. गलती हो गई? पाँच मिनट में उतार देता हूँ."

एकनाथ बघत राहिला. आत झेंडूचा, बाहेर चंदनाचा. घे, मनात म्हणाला, अजून एक घे. उद्या चारचौघांत कागद काढशील तेव्हा बघतो तुझी बत्तीशी.

"रहने दो," म्हणाला.

दुकानातल्या घड्याळात पावणेसात झाले होते.

फ्रेमा कागदात गुंडाळल्या, स्कूटरवर पुढे गुडघ्यांमध्ये उभ्या केल्या आणि निघाला बत्तीस सेक्टरला, राजाभाऊच्या घरी. धुकं पडलेलं. पहिल्या नाक्यावर शिपायानं बॅटरी मारली.

"ओए, पीछे वाले को उतार. डबल सवारी बंद है, पता नहीं?"

"पीछे कोई नहीं है जी."

शिपायानं बॅटरी एकनाथच्या खांद्यावरून मागे नेली. तिथेच धरली. मग विझवली.

"जा," म्हणाला. हळू.

एकनाथनं मागे हात फिरवला. सीट रिकामी. पण स्कूटर जड चालत होती. चढ नव्हता. तरी जड. आणि वास यायला लागला... एरंडेलाचा. शर्यतीच्या गाडीत तेव्हा एरंडेल घालत. बावीस वर्षांत त्यानं तो वास घेतला नव्हता.

दुसरा नाका. म्हातारा हवालदार. त्यानं थांबवलंही नाही. नुसता ओरडला,

"इसको घर क्यों ले जा रहा है? हस्पताल ले जा!"

एकनाथनं मागे बघितलं नाही.

खांदे दुखत होते. कोणीतरी धरल्यासारखे...

बघितलं नाही.

दार राजाभाऊच्या बायकोनं, चित्रावहिनींनी उघडलं. त्याच्या मागे बघून हसल्या. "आलात दोघं? बसा, चहा टाकते."

दोघं.

तेवढ्यात फोन वाजला. पिंजौरच्या ठाण्यातून. धुक्यात ट्रक दिसला नाही. जागच्या जागी. किती वाजता? पावणेसात.

वहिनी खाली बसल्या. शेजारी फ्रेम. कागद फाटून हार बाहेर आलेला. बराच वेळ त्या हाराकडे बघत राहिल्या...

"हा कोणी घालायला सांगितला?"

एकनाथ फाटका कागद ओढून हार झाकायला लागला.

"भाऊजी... कोणी?"

"हरिभाऊनं," तो म्हणाला.

मी! तेव्हापासून त्या घराचं दार मला बंद. तेराव्याला गेलो तर वहिनींनी पानावरून उठवलं. सगळ्यांसमोर.

महिन्याभरानं एकनाथ माझ्याकडे आला, रडला, हे सगळं बोलला, आणि त्या रात्रीचा स्वेटर माझ्या पुढ्यात टाकला. मागून, दोन्ही खांद्यांवर, तेलाचे दोन पंजे. बोटं मोजून घ्या. सोड्यात उकळला, रॉकेलनं घासला. जात नाहीत. वासही नाही जात. ट्रंकेत आहे, दाखवतो.

म्हटलं, जा, वहिनींना खरं सांग. मान डोलावून गेला, सांगितलं नाही. छत्तीस वर्षं झाली. वहिनी गेल्या, मलाच दोष देत गेल्या. तो जिवंत आहे, मोहालीत, लेकाकडे. स्वेटर दिला त्यानं. माफी नाही मागितली. एकनाथनं.