शकुनचे नॉर्व्हॅलीन

इतवारा बाजारातल्या खाटकाच्या दुकानासमोर मी तिला प्रथम पाहिले, तेव्हा तिने पदराने नाक झाकले होते. डोळे मात्र निर्धाराने उघडे ठेवले होते.

“बकऱ्याची… मूत्रपिंडं हवी होती.”

“गुर्दे म्हना ना, बाई!” खाटीक हसला. “कितीक देऊ? कलेजी बी टाकू काय?”

ती गोंधळून वळली — आणि मी दिसलो. आमच्याच अमरावतीच्या कॉलेजातली, एम.एस्सी.ची शकुन; पौरोहित्य करणाऱ्या भगवंतरावांची कन्या. मी तिथल्या रसायनशाळेतला डेमॉन्स्ट्रेटर, वलगावच्या शेतकऱ्याचा मुलगा.

“वानखडे, कुणाला सांगणार नाही ना?”

“नाई,” मी म्हणालो. एवढ्या एका शब्दालाही मला घाम फुटला.

त्यानंतर दर शनिवारी गुर्दे मीच डब्यातून आणू लागलो. ती ते बर्फाच्या पाण्यात वाटायची, गाळायची. त्या फिक्कट लाल रसातले एन्झाइम तिला हवे असे. नॉर्व्हॅलीन नावाचे एक दुर्मीळ अमिनो आम्ल ती बनवीत होती. प्रयोगशाळेत बनवले की त्यात डावे आणि उजवे रेणू निम्मे-निम्मे निघतात, आरशासमोरच्या दोन तळहातांसारखे. आधी साऱ्यांना एक रासायनिक कुलूप घालायचे. मग ते एन्झाइम फक्त डाव्यांचेच कुलूप उघडते. उघडले की नाही, हे द्रावणातून जाणारा प्रकाश किती वळतो त्यावरून कळे; ते पाहायला आम्ही अंधाऱ्या खोलीत, सोडियमच्या पिवळ्या दिव्यापाशी, एकाच नळीला आळीपाळीने डोळा लावत असू. तिच्या पापणीची ऊब काचेवर रेंगाळलेली असे…

“किती नेमकी पारख आहे या एन्झाइमला!” ती एकदा म्हणाली.

“माणसाले बी तशी असती तर—”

“असते की. पण माणसाला तोंड उघडावं लागतं, वानखडे.”

मी दिव्याची वात नीट करू लागलो. त्या दिव्याला वात नव्हतीच.

एकसष्ट सालच्या माघात अकोल्याच्या एका वकिलाचे स्थळ तिला सांगून आले. तिला मात्र संशोधनासाठी नागपूरला जायचे होते. प्राध्यापक महादेवरावांचे शिफारसपत्र तेवढे बाकी होते. त्यातच कुणीतरी भगवंतरावांच्या कानी घातले, मुलगी मांसाला हात लावते.

“उद्या बाबा येतील. मी सगळं सांगणार आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला विचारलं, तर फक्त खरं सांगा. माझ्या एकटीचं ते ऐकणार नाहीत.”

भगवंतराव रसायनशाळेच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. उपरणे कशाला लागू नये म्हणून त्यांनी आवरून धरले होते. शेजारी महादेवराव उभे.

“मीच करते, बाबा. सगळं माझ्या हातानं—”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “खरं का हो हे?”

आता हिची गावभर नाचक्की होणार, एवढेच मला दिसले.

“नाई जी. ते सारं मी करतो. त्या फक्त भांडी धुतात.”

भगवंतरावांनी डोळे मिटून सुटकेचा निःश्वास टाकला. शकुन माझ्याकडे पाहत राहिली… आठवड्याने महादेवरावांनी ते काम माझेच समजून नागपूरचे शिफारसपत्र लिहिले, माझ्या नावाने.

अकोल्याचे स्थळ पक्के झाले; लग्नाआधी ती आपली प्रयोगांची नोंदवही घेऊन आली.

“मले तुमची बदनामी नोको होती,” मी म्हणालो. “माझं… माझं तुमच्यावर—”

“माहीत होतं. म्हणून तर तुम्हाला साक्षीला ठेवलं.” तिने वही टेबलावर ठेवली. “नागपूरला लागेल तुम्हाला. आणि माझी काळजी नको. अकोल्याला भांडीच घासायची आहेत; ती येतात मला. तुम्हीच सांगितलंत.”

जूनमध्ये, ती वही घेऊन, मी नागपूरला गेलो.